जाणून घ्यायचे की नाही? हंटिंग्टनच्या चाचणीची कहाणी

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी एक प्रश्न विचारला. समजा, तुमच्या आईला किंवा वडिलांना असा आजार आहे, की जो साधारणपणे तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतो. स्वभाव बदलतो, हातपाय आवरत नाहीत, बुद्धी क्षीण होत जाते आणि पंधरा-वीस वर्षांत मृत्यू येतो. रोग थांबवणारे औषध नाही. तो तुम्हाला होण्याची शक्यता निम्मी आहे आणि रक्ताच्या एका चाचणीने ते आजच कळू शकते. चाचणी कोण करून घेईल?

बहुतेक सगळे हात वर गेले. चहाच्या सुट्टीत मात्र एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "सर, हात वर केला खरा. पण नंतर मनात आलं, निकाल वाईट निघाला तर माझ्या मुलीच्या लग्नाचं काय?"

या बाईंच्या मनात चहा संपेपर्यंत जे घडले, तेच जगभरच्या हजारो कुटुंबांत १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घडले. ती हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

आजार जुना, भीतीही जुनी

जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतील तरुण डॉक्टर. त्याचे वडील आणि आजोबाही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टर होते. तीन पिढ्यांनी त्याच घराण्यांतले रोगी पाहिले असल्यामुळे त्याला एक गोष्ट स्पष्ट दिसली. हा रोग आई किंवा वडिलांकडून मुलांत उतरतो. मात्र एखादे मूल त्यातून सुटले, तर त्याच्या पुढच्या पिढ्याही सुटतात. १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. रोग्यांत वेड आणि आत्महत्येकडे कल दिसतो, हेही त्याने नोंदवले.

मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले, तेव्हा याचा अर्थ लागला. हा प्रभावी गुण आहे. सदोष जनुकाची एकच प्रत पुरते. प्रत्येक अपत्याच्या वेळी जणू नाणे नव्याने उडवले जाते. "चार मुलांपैकी दोघांना होणारच" असे वर्गात अनेकदा ऐकू येते. ते चूक आहे. चौघांनाही होऊ शकतो किंवा एकालाही नाही.

पण या ज्ञानाचा पहिला उपयोग रोग्यांसाठी झालाच नाही. अमेरिकेतील चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१६ साली अशा घराण्यांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या आणि या लोकांना संतती होऊ देऊ नये, असा आग्रह धरला. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातील रोगांच्या यादीत छिन्नमनस्कता, अपस्मार, बहिरेपणा यांच्याबरोबर हंटिंग्टनचा रोगही नावानिशी होता. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. आपला आजार सरकारदरबारी नोंदला गेला तर काय होऊ शकते, हे अशा कुटुंबांनी पाहिले होते. आजार लपवण्याची त्यांची सवय अडाणीपणातून आलेली नव्हती.

मारकाइबोचे सरोवर

१९६७ साली अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री या रोगाने वारला. त्याआधी काही डॉक्टरांनी त्याला दारूचे व्यसन आहे, असेच निदान केले होते. त्याच्या पत्नीने रुग्णांची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी मिल्टन वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाच्या घटस्फोटित पत्नीला हा रोग असल्याचे कळले. त्यांनी संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यांची मुलगी नॅन्सी या कामात उतरली. तिला स्वतःलाही निम्मा धोका होता.

व्हेनेझुएलातील मारकाइबो सरोवराकाठच्या गावांत या रोगाची मोठी घराणी होती. तेथील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५०च्या दशकातच ती ओळखली होती. नॅन्सी आणि तिचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे जात राहिले. १८,०००हून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली, हजारो लोकांनी रक्त दिले. त्यातून १९८३ साली जेम्स गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर रोगाच्या जनुकाजवळची एक खूण सापडली. घर सापडले नव्हते, पण गल्ली कळली होती. १९९३ साली घरही सापडले. त्या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात. ती ३५ वेळांपर्यंत असली तर रोग होत नाही. ४० किंवा अधिक वेळा असली तर पुरेसे आयुष्य लाभल्यास तो होतोच. ३६ ते ३९ असतील तर होईल किंवा होणारही नाही. नेमका कोणत्या वर्षी होईल, हे मात्र चाचणी सांगत नाही.

हात खाली का आले?

चाचणी येण्यापूर्वी अशा कुटुंबांत पाहण्या झाल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी "आम्ही चाचणी घेऊ" असे सांगितले होते. काही ठिकाणी हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास होते. १९८६पासून अमेरिकेत चाचणी मिळू लागली. प्रत्यक्षात बहुतेक देशांत धोका असलेल्यांपैकी ५ ते २० टक्केच लोक पुढे आले.

याची कारणे त्यांनी स्वतःच सांगितली आहेत. उपाय नसताना कळून करायचे काय, हे पहिले. नोकरी आणि विमा, हे दुसरे. अमेरिकेत २००८ साली जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी आली. पण तो कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विम्याला लागू नाही. तिसरे कारण नातेवाइकांचे. आजोबांना रोग होता आणि नातवाने चाचणी घेतली. त्याच्यात दोष निघाला, तर मधल्या वडिलांचाही निकाल आपोआप लागतो. त्यांनी तो मागितलेला नसतो.

मग ज्यांनी चाचणी घेतली ते कोलमडले का? कॅनडातील १९९२च्या अभ्यासाचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होता. वर्षभरानंतर, निकाल वाईट आलेले लोकही, ज्यांना काहीच कळले नव्हते त्यांच्यापेक्षा सरासरीने अधिक स्थिर होते. उलट, चांगला निकाल आलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना तो पचवणे जड गेले. आपण वाचलो आणि भाऊ नाही, हे ओझेही असते. म्हणून १९९४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणी ऐच्छिक असावी, आधी आणि नंतर समुपदेशन असावे आणि अज्ञान मुलांची चाचणी करू नये.

नॅन्सी वेक्सलर यांनी आपला निर्णय अनेक वर्षे स्वतःपाशीच ठेवला. आपल्याला हा रोग झाल्याचे त्यांनी २०२० साली जाहीर केले. जनुकाच्या शोधासाठी आयुष्य वेचणाऱ्या व्यक्तीलाही गप्प राहण्याचा हक्क होता.

वर्गात काय करावे?

हंटिंग्टनचा रोग एकाच जनुकाचा आहे. छिन्नमनस्कता, नैराश्य किंवा मधुमेह यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि परिस्थितीचाही. त्यांच्यासाठी "होणार" किंवा "नाही होणार" सांगणारी अशी चाचणी नाही. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

आनुवंशिकता शिकवताना घरातील आजारांची वंशावळ आणायला आपण सहज सांगतो. आपल्याकडे मुलामुलीचे स्थळ पाहताना घराण्यातील वेड किंवा फिट्स यांची चौकशी होते आणि घरचे ते लपवतात. तेव्हा वंशावळ आणायची तर जीभ नळीसारखी वळते का, यासारख्या निरुपद्रवी गुणाची आणावी; आजारासाठी काल्पनिक कुटुंब घ्यावे. आणि चाचणी घ्यावी का, हा प्रश्न निघालाच तर हात वर करायला न सांगता प्रत्येकाला कागदावर दोन कारणे लिहू द्यावीत, एक होकाराचे आणि एक नकाराचे. कागदावर नाव नसावे.