घरचे जुने कागद आणि हार्ड डिस्क

लष्करातल्या अनेक मराठी घरांत मोडी कागद आणि लग्नाचे जुने फोटो आहेत. ते स्कॅन करून कोणत्या हार्ड डिस्कवर ठेवावेत? सीगेट, वेस्टर्न डिजिटल की तोशिबा, यावर आम्ही फार अडत नाही. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाहीत. म्हणून एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्याव्यात; एक नया बाजारातल्या घरी, दुसरी परगावच्या मुलीकडे. कपाटात ठेवायला फिरत्या तबकडीची डिस्क बरी. एसएसडी दीर्घकाळ विजेविना राहिल्यास माहिती पुसली जाऊ शकते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हा माळ्यावर नकोच. पाडव्याला आणि दिवाळीला डिस्क जोडून चार-दोन फायली उघडून पाहाव्यात. आम्हां बँकवाल्यांना ताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मूळ कागद मात्र जपूनच ठेवावेत.