किती पसरला, की काय उरले?

कर्करोग पोटभर पसरला आहे, एवढे ऐकले की घरातली माणसे आशा सोडतात. अपेंडिक्समध्ये उगम पावणाऱ्या श्लेष्मल, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव स्रवणाऱ्या, गाठींच्या बाबतीत ही घाई पुष्कळदा चुकीची ठरते. हे ध्यानात यायला वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकितान्स्कीने श्लेष्म्याने फुगलेल्या अपेंडिक्सचे वर्णन १८४२ मध्येच केले होते. पोटभर जेलीसारखा द्रव साचण्याच्या विकाराला १८८४ मध्ये वेर्थ या जर्मन डॉक्टरने ‘स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी’ हे नाव दिले, पण त्याचे मूळ त्याला अंडाशयात दिसले. १९०१ मध्ये फ्रेंकेलने अपेंडिक्सकडे बोट दाखवले, तरी वाद मिटायला १९९० चे दशक उजाडले. अंडाशयावरची गाठ बहुतेक वेळा अपेंडिक्समधूनच आलेली असते, हे त्या दशकातल्या सूक्ष्मदर्शकी आणि जनुकीय अभ्यासांनी दाखवले. मूळच चुकीचे धरले होते, तोवर रुग्ण किती जगेल याचा अंदाज तरी कसा बरोबर येणार?

आज आपण ज्या निकषांवर हा अंदाज बांधतो, ते दोन वेगळ्या टेबलांवर जन्मले. पहिले टेबल पॅथॉलॉजिस्टचे. ब्रिजिट रॉनेट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १०९ रुग्णांच्या ऊतींची तपासणी करून पेशींच्या स्वभावानुसार त्यांचे गट पाडले. २००१ मध्ये आलेल्या पुढच्या पाहणीत सौम्य पेशींच्या गटातले ७५ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, तर आक्रमक पेशींच्या गटातले केवळ १४ टक्के. पोटातले दृश्य वरवर सारखे असूनही एवढी तफावत! दुसरे टेबल शस्त्रक्रियेचे. वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर यांनी पोटाच्या आतले रोगट आवरण सोलून काढण्याची पद्धत बसवली आणि १९९६ मध्ये जाकेट यांच्यासह रोग किती पसरला हे मोजण्याची रीत मांडली. पोट आणि लहान आतडे मिळून १३ भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३९. पण त्यांची दुसरी मोजपट्टी मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात किती काढले याला महत्त्व नाही, मागे काय राहिले याला आहे. काहीच दिसत नसेल तर शून्य, अडीच मिलिमीटरपेक्षा लहान कण उरले तर एक, त्याहून मोठे उरले तर दोन किंवा तीन. ही अडीच मिलिमीटरची रेघ मनाला येईल तिथे ओढलेली नाही. शस्त्रक्रियेनंतर पोटात फिरवले जाणारे गरम केमोचे औषध ऊतीत जेमतेम तेवढेच खोल शिरते.

या दोन्ही निकषांची मोठी कसोटी २०१२ मध्ये लागली. १६ केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्यावर जगण्याचा मध्यक काळ १६ वर्षांच्या पुढे गेला. आयुष्य कमी करणारे स्वतंत्र घटक निघाले ते असे: जास्त वय, आक्रमक पेशी, मोठे कण मागे राहणे, शस्त्रक्रियेनंतरची गंभीर गुंतागुंत आणि आधी घेतलेली केमो. ३९ गुणांचा पसरण्याचा आकडा रोग परतण्याशी जोडला गेला, पण एकूण आयुष्याच्या यादीत तो टिकला नाही. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या एका निष्कर्षावर आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, शल्यविशारद काढता येण्याजोगेच रोग निवडतात, मग आकडे चांगले येणारच. ते खरे आहे. या नोंदी मागे वळून पाहिलेल्या आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी ही नव्हे. शिवाय सौम्य रोग हलत्या लहान आतड्याला सहसा चिकटत नाही, म्हणून तो पूर्ण निघतो. म्हणजे ‘मागे काय राहिले’ या निकषातही पेशींचा स्वभाव काही अंशी मिसळलेला आहे. तरीही दोन्ही घटक एकत्र तोलल्यावर प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्रपणे दिसलाच, म्हणून निव्वळ निवडीवर सगळे ढकलता येत नाही. केमोच्या बाबतीत मात्र हा आक्षेप मला अधिक पटतो. आधी केमो दिलेल्यांचा रोग मुळातच वाईट असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे केमोनेच आयुष्य घटवले असे या आकड्यांवरून म्हणू नये. पण संथ वाढणाऱ्या सौम्य रोगात नुसत्या केमोवर वेळ घालवण्यापूर्वी दोनदा विचार करायला हवा, एवढे नक्की.

म्हणून अपेंडिक्स काढल्यानंतरच्या अहवालात श्लेष्मल गाठीचा उल्लेख दिसला, तर पेशी सौम्य की आक्रमक हे स्पष्ट लिहून मागा. गरज वाटली तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पुढची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी, हे काम नेहमी करणाऱ्या, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राचे मत घ्या.