टेनिसच्या सोडतीची कथा

दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरीस पॅरिस शहरीं रोलां गारोसच्या तांबड्या मातीवर टेनिसचे मोठे सामने सुरू होतात. त्याच्या दोन-तीन दिवस आधीं तेथें एक लहानसा समारंभ होतो. त्यांत रॅकेट नसते, चेंडू नसतो आणि घामहि नसतो. एकशें अठ्ठावीस नांवें कोष्टकाच्या कोणत्या ओळीवर बसावयाचीं, एवढेंच त्या दिवशीं ठरतें. ह्यालाच सोडत म्हणतात. तें कोष्टक वर्तमानपत्रांत छापून आलें, कीं आपल्याकडील शोकीन मंडळी पेन्सिल घेऊन बसतात आणि कोणाची गांठ कोणत्या फेरींत कोणाशीं पडेल ह्याचे आडाखे बांधूं लागतात. लग्नाच्या पत्रिका पाहणारे जोशीबोवासुद्धां ग्रहांचीं घरें इतक्या तन्मयतेनें पाहत नसतील!

श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें ह्या कोष्टकाविषयींच. सामना जिंकला तर तो खेळाडूनें स्वतःच्या मनगटाच्या जोरावर जिंकला असें आपण म्हणतों. पण मनगटाचा जोर कोणापुढें व कोणत्या दिवशीं दाखवावयाचा, हें ठरविणारा हात त्याचा नसतो. मग ह्या व्यवहारांत न्याय किती आणि दैव किती? हा प्रश्न आजचा नव्हे. त्याला जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे.

सोडतीच्या कथेचा आरंभ फ्रान्सांत नव्हे, इंग्लंडांत होतो. आणि तोहि मातीवर नव्हे, हिरवळीवर. १८७७ सालीं विंबल्डन येथें पहिली स्पर्धा झाली तेव्हां बावीस खेळाडू उतरले होते. बाविसांचे अकरा झाले, अकरांचे सहा झाले, सहांचे तीन झाले. आणि आतां तिघांची जोडी कशी लावावयाची? अखेर विल्यम मार्शल ह्याला न खेळतांच अंतिम सामन्यांत नेऊन बसविलें, व स्पेन्सर गोर आणि हीथकोट ह्यांना उपान्त्य सामना खेळावयास लावलें. गोरनें हीथकोटला हरविलें, मागाहून मार्शललाहि हरविलें आणि तो पहिला विजेता झाला. दुसरें बक्षिस कोणाचें, हें मात्र ठरेना; कारण दोघेहि एकाच माणसाकडून हरलेले! शेवटीं त्या दोघांचा निराळा सामना लावून तो प्रश्न सोडविला. पुढें १८८० च्या दशकांत बॅग्नल वाइल्ड नांवाच्या गृहस्थांनीं सुचविलेली युक्ति रूढ झाली. न खेळतां पुढें चाल द्यावयाची ती फक्त पहिल्या फेरींत द्यावी, म्हणजे दुसऱ्या फेरीपासून आंकडा बरोबर निम्मानिम्मा होत जातो. युक्ति साधी, पण ती सुचण्यास दरम्यान कांहीं वर्षें जावीं लागलीं.

हिशेबाची अडचण अशी दूर झाली. न्यायाची अडचण मात्र तशीच राहिली, आणि तिच्यावर बोट ठेवणारा माणूस टेनिसपटू नव्हता. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयांत चार्ल्स डॉजसन नांवाचे गणिताचे अध्यापक होते. लुइस कॅरॉल ह्या टोपणनांवानें त्यांनीं लिहिलेली ॲलिसची अद्भुत कथा आपल्या मुलांनाहि ठाऊक आहे. ह्या गृहस्थांनीं १८८३ सालीं टेनिसच्या स्पर्धांवर एक छोटें पुस्तक काढलें. निमित्त असें, कीं एका स्पर्धेंत त्यांना एक खेळाडू विलाप करतांना आढळला. तो आरंभींच्याच फेरींत हरून घरीं बसला होता, आणि आपल्याहून उघड उघड कमी प्रतीचा गडी दुसरें बक्षिस घेऊन जातांना त्याला पाहावें लागलें होतें.

डॉजसन ह्यांनीं हें गाऱ्हाणें गणितांत मांडलें. बत्तीस खेळाडू आहेत आणि दरवेळीं वरचढ खेळाडूच जिंकतो असें धरा. सर्वश्रेष्ठ खेळाडूला कोष्टकांत एक जागा दिली, कीं जागा उरल्या एकतीस. त्यांतील पंधरा त्याच्याच अर्ध्या भागांत आणि सोळा पलीकडच्या भागांत. गुणानें दुसरा असलेला गडी जर त्या पंधरांत सांपडला, तर अंतिम सामन्यापूर्वीं केव्हां तरी पहिल्याशीं त्याची गांठ पडणार आणि तो बाद होणार. म्हणजे त्याला त्याच्या हक्काचें दुसरें बक्षिस मिळण्याचा संभव एकतीसांत सोळा! नाणें वर उडवून छापकांटा करावा त्याहून फारसा निराळा नाहीं. पहिल्या चौघांना आपापलीं योग्य बक्षिसें मिळण्याचा संभव तर त्याहून फारच थोडा. तसें न घडण्याच्या बाजूनें बारास एक अशी पैज लावतां येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनीं उपायहि सुचविला. खेळाडू एकदां हरला म्हणून बाद करूं नये. ज्यानें त्याला हरविलें तो त्याचा वरचढ, आणि त्या वरचढाला जो हरवील तोहि ह्याचा वरचढ. असे तीन वरचढ झाले म्हणजेच त्याला बाद करावें. हा उपाय स्पर्धा भरविणाऱ्यांनीं स्वीकारला नाहीं. प्रेक्षकांना हरलेला माणूस घरीं गेलेला पाहावयाचा असतो, निर्णय एका घावांत हवा असतो. आणि मला वाटतें, ह्याच कारणास्तव डॉजसन ह्यांचें पुस्तक कौतुकापुरतें उरलें.

आपल्याकडील जत्रेंतील कुस्त्यांच्या फडांत जोड लावण्याचें काम चिठ्ठीवर सोपवीत नाहींत. जाणता पंच दोन्ही गड्यांचे बांधे पाहतो, त्यांच्या जुन्या कुस्त्या आठवतो आणि मग हात हातांत देतो. टेनिसवाल्यांनाहि हळूहळू ह्याच मार्गाकडे वळावें लागलें. १९२४ सालीं विंबल्डनला एकाच राष्ट्राचे निवडक खेळाडू कोष्टकाच्या चार निरनिराळ्या भागांत वांटण्याची प्रथा आली, आणि १९२७ पासून गुणवत्तेवरून मानांकन सुरू झालें. मराठींत आपण मानांकन म्हणतों तेव्हां त्यांत मानाचा भाव येतो. पण मूळच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बीं पेरणें असा आहे, आणि तो मला अधिक मार्मिक वाटतो. बियाणें हातानें फोकून दिलें, तर कोठें दाटी होते आणि कोठें जमीन मोकळी राहते. पाभरीनें पेरलें, तर दाणे अंतराअंतरावर पडतात. नुसती चिठ्ठ्यांची सोडत ही फोकणी. मानांकन ही पाभर. त्या पहिल्या पेरणीचें पीकहि मौजेचें आलें. चौथें मानांकन मिळालेला फ्रेंच खेळाडू आंरी कोशे हा उपान्त्यपूर्व, उपान्त्य आणि अंतिम अशा तीनहि सामन्यांत पहिले दोन सेट हरला, आणि तीनहि सामने जिंकून विजेता झाला!

हाच कोशे आपल्याला पॅरिसच्या मातीवर घेऊन येतो. १९२७ सालीं फ्रेंचांनीं अमेरिकेंत जाऊन डेव्हिस चषक जिंकला. पुढील वर्षीं तो राखण्यासाठीं मोठें मैदान हवें म्हणून १९२८ त रोलां गारोस उभें राहिलें, आणि तेथील पहिली फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धा कोशेनेंच जिंकली. ज्यांचें नांव ह्या मैदानाला आहे ते गारोस टेनिसमुळें नव्हे, तर विमानविद्येमुळें प्रसिद्ध होते. १९१३ त भूमध्यसमुद्र प्रथम विमानानें ओलांडणारे वीर ते हेच.

माती म्हणतात खरी, पण वरचा तांबडा थर विटांच्या भुकटीचा असतो, तोहि अवघा एक-दोन मिलिमीटर जाडीचा. त्याखालीं चुनखडीचा पांढरा थर. ह्या पृष्ठभागावर चेंडूचा वेग मंदावतो आणि उसळी उंच येते. हिरवळीवर ज्याची सर्व्हिस अंगावर धांवून येते, त्याचीच सर्व्हिस येथें परत मारतां येते. एकेक गुण लांबतो, सामना चार-चार, पांच-पांच तास चालतो आणि आजचा थकवा परवांच्या सामन्यांत पायांत उतरतो. म्हणून कोष्टकांतील जागेचें मोल मातीवर अधिक. नुसतें कोण भेटलें एवढेंच नव्हे, तर तो भेटण्यापूर्वीं किती तास खर्ची पडले, हेंहि तेथें मोजावें लागतें.

१९६८ सालीं पॅरिसची स्पर्धा धंदेवाईक खेळाडूंनाहि खुली झाली. १९७३ पासून पुरुषांची क्रमवारी संगणक ठरवूं लागला. पंचाच्या डोळ्यांची जागा अंकांनीं घेतली. पक्षपाताचें भय गेलें, पण एक नवें कोडें आलें. क्रमवारींतील गुण हिरवळीचे, मातीचे आणि कठीण मैदानांचे असे सर्व एका पोत्यांत भरलेले असतात. विंबल्डनचे चालक म्हणत, कीं मातीवरच्या मल्लांना आमच्या हिरवळीवर हा क्रम कसा द्यावा? म्हणून ते क्रमवारी बाजूस सारून मानांकनें देत. ह्या अपमानामुळें २००० सालीं ॲलेक्स कोरेट्जा, आल्बर्त कोस्ता प्रभृति स्पॅनिश खेळाडूंनीं विंबल्डनवर बहिष्कार घातला. तडजोड म्हणून २००१ मध्यें मानांकनें सोळांचीं बत्तीस झालीं, आणि हाच नियम चारहि मोठ्या स्पर्धांत रूढ झाला. विंबल्डननें पुढें हिरवळीवरील कामगिरीचें खास गणित ठेवलें होतें. २०२१ पासून तेंहि मोडीत निघालें. तात्पर्य, आज आपण पॅरिसचें जें कोष्टक वाचतों त्याची घडण मातीवरच्या खेळाडूंच्या भांडणांतून झालेली आहे.

आतां तें कोष्टक वाचावें कसें? पहिला मानांकित सर्वांत वरच्या ओळीवर, दुसरा सर्वांत खालच्या. तिसरा व चौथा ह्यांच्यासाठीं चिठ्ठ्या पडतात आणि ते एकेका अर्ध्या भागांत जातात. पांच ते आठ ह्यांना चार चतुर्थांशांत वांटतात. बत्तीस मानांकितांपैकीं कोणीहि दोघे तिसऱ्या फेरीपूर्वीं भेटत नाहींत. उरलेले शहाण्णव मात्र फोकणीचे! त्यांतील बत्तिसांना, म्हणजे तिघांत एकाला, पहिल्याच दिवशीं मानांकिताशीं झुंजावें लागतें. वाचकाची नजर साहजिकच आरंभीं वरच्या नांवांकडे जाते. माझ्या मतें ती पांच ते आठ ह्या क्रमांकांकडे जावी. पहिल्या क्रमांकाच्या चतुर्थांशांत ह्या चौघांपैकीं एक पडणारच, आणि तो कोण, ह्यावर सारी स्पर्धा फिरते.

२०२२ चें उदाहरण घ्या. राफाएल नादालनें तोंवर पॅरिस तेरा वेळां जिंकलें होतें; पण आदल्या वर्षीं पायाच्या दुखण्यामुळें बरेच महिने खेळतां न आल्यानें त्याचें मानांकन पांचवें होतें. दुसरें मानांकन दानिल मेदवेदेवला होतें. हा आपल्या पहिल्या चार पॅरिसवाऱ्यांत पहिल्याच फेरींत हरलेला! सोडत निघाली तेव्हां जोकोविच, नादाल, झ्वेरेव आणि त्या वसंतांत माद्रिदला नादाल व जोकोविच ह्या दोघांनाहि हरविणारा एकोणीस वर्षांचा अल्काराझ, असे चौघे एकाच अर्ध्या भागांत दाटले. नादालनें जोकोविचला उपान्त्यपूर्व फेरींतच चार तास बारा मिनिटांत हरविलें. सामना संपला तेव्हां मध्यरात्र उलटून तास होऊन गेला होता. उपान्त्य सामन्यांत झ्वेरेवचा घोटा मुरगळला. खालच्या भागांतून नॉर्वेचा कास्पर रूड वर आला आणि अंतिम सामन्यांत नादालकडून ६-३, ६-३, ६-० असा हरला. रूडनें आपल्या वाट्याचे सामने प्रामाणिकपणें जिंकले, त्याच्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु त्या वर्षीं पॅरिसमधील गुणानें दुसरा खेळाडू कोण, असें डॉजसन ह्यांना विचारलें असतें, तर त्यांनीं १८८३ चेंच उत्तर दिलें असतें. पाभर चालते ती संगणकाच्या क्रमानें. जमिनीचा कस तिला ठाऊक नसतो.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. १९९७ सालीं ब्राझीलचा गुस्तावो कुएर्टेन जगांत सहासष्टावा होता, मानांकन अर्थातच नव्हतें. त्याच्या वाटेंत मुस्टर, काफेल्निकोव आणि ब्रुगेरा हे तीन माजी विजेते आले. तिघांनाहि हरवून तो जिंकला. म्हणावें तर सोडतीनें त्याचा घातच केला होता. उपान्त्य फेरींत मात्र त्याच्यापुढें पात्रता फेरींतून आलेला बेल्जमचा दवुल्फ उभा राहिला. एका हातानें हिसकावून घेतलेलें सोडतीनें दुसऱ्या हातानें थोडें परत केलें, एवढेंच. २०२० मध्यें पोलंडची इगा श्व्यांतेक हीहि मानांकनावांचूनच पॅरिसची राणी झाली.

शेवटचें उदाहरण २०२४ चें. नादालच्या नांवावर तोंवर चौदा विजेतेपदें होतीं. पॅरिसच्या मातीवर एकशें बारा विजय आणि अवघे तीन पराभव. दुखापतीमुळें क्रमवारी ढासळली होती, म्हणून मानांकन नाहीं. शहाण्णवांच्या गर्दींत त्याचीहि एक चिठ्ठी. पहिल्या चार मानांकितांपैकीं एकाशीं पहिल्याच फेरींत गांठ पडण्याचा संभव चोविसांत एक. तो नेमका खरा ठरला, आणि समोर आला चौथा मानांकित झ्वेरेव, नुकताच रोम जिंकून आलेला. २७ मे रोजीं नादाल ६-३, ७-६, ६-३ असा हरला. झ्वेरेव पुढें अंतिम सामन्यापर्यंत गेला व तेथें अल्काराझकडून पांच सेटांत हरला. डॉजसन ह्यांच्या वहींत त्या दिवशीं नादालपुढें एकच वरचढ लिहिला गेला असता, अल्काराझ जिंकल्यावर दुसरा. आणि बाद होण्यास अजून एक कमी पडला असता.

त्याच उन्हाळ्यांत त्याच मैदानावर ऑलिंपिकचे सामने झाले. तेथेंहि नादाल बिनमानांकितच होता. ह्या वेळच्या सोडतीनें त्याला एक फेरी खेळूं दिली, आणि दुसऱ्या फेरींत समोर पहिला मानांकित जोकोविच आणून उभा केला. २९ जुलै रोजीं तो सामना झाला : ६-१, ६-४. रोलां गारोसवर नादालचा एकेरीचा तो शेवटचा सामना होता.