पाइन लागवडीतील गुरेचराई

लाकडासाठी लावलेल्या पाइनच्या झाडांखाली गुरे चारण्याची पद्धत. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत ती जुनी आहे. तिची कसून पारख झाली ती न्यूझीलंडमध्ये.

न्यूझीलंडच्या लागवडीच्या वनांत सुमारे ९० टक्के क्षेत्र रेडिएटा पाइनखाली आहे. हा वृक्ष मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. तो तोडणीला यायला साधारण २५ ते ३० वर्षे लागतात. तोवर त्याच जमिनीतून मांस-लोकरीचे उत्पन्न काढावे, असा विचार १९७० च्या दशकात जोर धरू लागला. रोटोरुआजवळ टिकिटेरे येथे १९७३ मध्ये कुरणावर पाइन लावून पुढे हेक्टरी ५०, १००, २०० व ४०० झाडे राखली आणि खाली मेंढ्या चारल्या. गणित अडले ते सावलीपाशी. झाडे वाढली तसे गवत घटले, दाट तुकड्यांत तर फार लवकर. छाटलेल्या फांद्या व गळलेली सुईसारखी पाने गवतावर साचली, मातीची आम्लता वाढली. झाडे विरळ ठेवावीत तर फांद्या जाड होतात आणि लाकूड गाठाळ निघते.

रोपे लहान असताना गुरे आत सोडत नाहीत. ती शेंडे खुडतात, अंग घासतात, रोपे तुडवतात. शेंडा तोंडाच्या टप्प्याबाहेर गेला की चराई सुरू होते. गुरे साल सोलू लागली, तर चारा संपत आल्याची ती खूण. कळप तेव्हाच हलवलेला बरा. उत्तर न्यूझीलंडमध्ये कोवळ्या पाइनला झाकून टाकणारे पँपास गवत गुरांना चारून आटोक्यात ठेवत. मांसाच्या कमाईपेक्षा ही फुकटची तणकाढणीच वनमालकाला अधिक किफायतशीर, असे म्हणावे लागते.

फ्लोरिडा व जॉर्जियात स्लॅश पाइनच्या जोडओळी लावून मध्ये सुमारे १२ मीटरचा पट्टा मोकळा सोडण्याची रचना वापरतात. पट्ट्यात बाहिया गवत पेरतात. ऊन पोचत असल्याने ते अधिक वर्षे टिकते.

पश्चिम अमेरिकेतील पाँडेरोसा पाइनपासून वेगळाच धोका असतो. त्याच्या पानांतील आयसोक्युप्रेसिक आम्लामुळे गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील गाई गाभडतात. वारही बहुधा अडकून राहते. हिवाळ्यात चारा बर्फाखाली गेला की गाई या पानांकडे वळतात. त्यामुळे गाभण गाई त्या काळात या झाडांपासून दूर ठेवतात. न्यूझीलंडमध्ये हाच त्रास कुंपणाकाठच्या मॅक्रोकार्पा सरूच्या पाल्याने होतो.