लुळा हात आणि खेळ

लकव्याने लुळा पडलेला हात व्हिडिओ गेम खेळून सुधारायचा, ही कल्पना नवी वाटते. तिचे मूळ मात्र शंभर वर्षांहून जुने आहे. १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन व फ्रान्झ यांनी मेंदूला इजा झालेल्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा अधू हात पुन्हा काम करू लागला. पुढे एडवर्ड टॉब यांनी याचा अर्थ लावला. हात हलवून काही साधत नाही, म्हणून प्राणी तो वापरणे सोडतो आणि न वापरण्याचीच सवय जडते. ती मोडायची तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. इथे कंटाळा आडवा येतो.

२००६ साली निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा खेळ आला. हातातली कांडी फिरवली की पडद्यावरची रॅकेट फिरते. कंटाळ्यावर हा उपाय ठरेल का? सपोस्निक व सहकाऱ्यांनी चार देशांतील रुग्णालयांत १४१ रुग्णांवर चाचणी घेतली. नेहमीच्या उपचारांबरोबर एका गटाला ‘वी’ दिला, दुसऱ्याला पत्ते, ठोकळे, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवडे, तासातासाच्या दहा बैठका. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही गट सारखेच सुधारले!

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. पण अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवरून रोज तिथे कोण जाणार? सराव घरीच व्हायला हवा. कोणती हालचाल करायची ते तज्ज्ञाने एकदा दाखवावे. मग पत्ते, सोंगट्या, चिंचोकेही चालतील. समोर खेळायला नातवंड मात्र रोज हवे. आपल्या वर्गात असे नातवंड आहे का?