मुक्तीचा जमाखर्च

पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकांना बव्हंशी दोन वादांच्या निमित्ताने परिचित आहे. एक त्यांच्या धर्मांतराचा आणि दुसरा शारदासदनाचा. या वादांच्या धुळीत केडगावच्या संस्थेचा एक पैलू झाकला गेला, तो म्हणजे तिचा जमाखर्च. हा पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि त्या अटी रमाबाईंनी कितपत मानल्या, हे प्रश्न केवळ हिशेबनिसाचे नाहीत. परक्याच्या दानावर उभ्या राहिलेल्या संस्थेला स्वतःचे मन असू शकते काय, हा खरा प्रश्न होता, आणि रमाबाईंना तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा सोडवावा लागला.

दान घेणे आणि न घेणे या दोहोंचा अनुभव त्यांना कोवळ्या वयातच आला होता. १८५८ साली तत्कालीन म्हैसूर संस्थानाच्या सीमेवरील गंगामूळ येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. दक्षिणेतील दुष्काळाने या घराला गाठले तेव्हा भांडीकुंडी, दागिने विकून झाले, दानधर्मही करून झाला. परंतु मोलमजुरी करणे वा भीक मागणे त्यांच्या आचारात बसत नव्हते. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. वीस वर्षांनंतर मध्य प्रांतातील दुष्काळ पाहून रमाबाईंनी आपल्या अनुभवांविषयी जे लिहिले, त्यात करुणेइतकाच रोख या अभिमानावर आहे. अन्नासाठी हात पसरावा लागणे आणि तो पसरता न येणे, ही दोन्ही दुःखे त्यांनी जवळून पाहिली होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन. वाँटेज येथील भगिनींच्या मठाने त्यांना आश्रय दिला आणि तेथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आश्रयदात्यांची अपेक्षा स्वाभाविकच आज्ञापालनाची होती. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. तो वाचताना या पंचविशीतल्या विधवेच्या निर्भयतेचे नवल वाटते. खाण्यापिण्याचे आपले शाकाहारी नियम त्या सोडीत नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नसावीत, असे विचारतात. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करण्यास त्या स्पष्ट नकार देतात. ज्यांचे अन्न आपण खातो त्यांच्याशी असा वाद घालणे हा कृतघ्नपणा नव्हे, हे सिस्टर जेराल्डिनना पटवणे मात्र त्यांना कधीच जमले नाही.

अमेरिकेत त्यांना निराळी व्यवस्था दिसली. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे १८८९चे मराठी पुस्तक प्रवासवर्णन म्हणून वाचले जाते, पण त्यात सामान्य स्त्रिया मंडळ्या कशा स्थापतात आणि थोडी थोडी वर्गणी जमवून मोठी कार्ये कशी पार पाडतात, याचे बारीक निरीक्षण आहे. त्याच धर्तीवर डिसेंबर १८८७मध्ये बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष होते. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि सभासदांनी दहा वर्षे दरसाल एक डॉलर देण्याचे वचन दिले. एखाद्या धनिकाच्या देणगीपेक्षा हे निराळे होते. देणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या आणि मुदतही ठरलेली होती. अट एकच, परंतु महत्त्वाची होती: शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नसावी आणि मुलींच्या आचारात हस्तक्षेप होऊ नये.

या वर्गणीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. उद्घाटनप्रसंगी अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी नावाची एक बालविधवा होती. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते, म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या पैशाला स्थानिक प्रतिष्ठेचे पाठबळ लाभले होते. मात्र या पाठबळालाही त्याची अट होतीच.

ती १८९३ साली उघड झाली. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. उघड्या दाराला निमंत्रण म्हणावे की नाही, हा त्या वादाचा गाभा होय. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी नेल्या. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी निराधार होते असे आज म्हणता येत नाही. निराधार, परावलंबी मुलीला जिच्याकडून अन्न आणि विद्या मिळते, तिच्या श्रद्धेचे आकर्षण वाटणे हे ‘सक्ती’ या शब्दात मावत नसले, तरी निव्वळ स्वातंत्र्यही नव्हे. पण स्वतःच्या घरात आपल्या देवाची प्रार्थना दार लावून करावी, ही अपेक्षा कोणत्याही हिंदू गृहिणीकडून कोणी केली नसती, हेही तितकेच खरे. बोस्टनच्या मंडळाने रमाबाईंची बाजू उचलून धरली. पुण्यातील प्रतिष्ठा मात्र परत आली नाही.

यापुढील पाऊल त्यांच्या व्यवहारबुद्धीची साक्ष देते. दहा वर्षांचे वचन १८९८ साली संपणार हे जाणून त्यांनी पुण्यापासून सुमारे चौतीस मैलांवर, रेल्वेमार्गालगत केडगाव येथे जमीन घेतली. विहिरी खणून फळबागा लावाव्यात आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत होता. बाग फळाला येण्यापूर्वीच १८९६–९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेथील मदत-छावण्या पाहिल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. नव्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या, आणि ‘मुक्ती’चा जन्म योजनेतून नव्हे, तर या अडचणीतून झाला.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे सोवळ्या-ओवळ्याला जागा होती. दुष्काळाने आणलेल्या मुली नाना जातींच्या होत्या आणि त्यांतील कित्येकींना आपली जात धड सांगताही येत नव्हती. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दान घेण्याची पात्रता जन्मावरून नव्हे, भुकेवरून ठरू लागली. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, चर्चही उभे राहिले. धर्मनिरपेक्षतेचा जुना करार आता उरला नव्हता. रमाबाईंनी तो गुपचूप मोडला नाही. १८९८ साली त्या स्वतः अमेरिकेला गेल्या, मुदत संपलेल्या मंडळाला हिशेब दिला आणि नव्याने संघटना उभी करून परतल्या.

परकीयांच्या पैशाने त्यांचे तोंड बंद केले होते, असाही आक्षेप घेतला गेला आहे. त्याला १८९७ सालीच उत्तर मिळते. पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. सरकारी यंत्रणेवर शब्दांचे असे आसूड ओढणाऱ्या या बाईला राज्यकर्त्यांचे मिंधे कसे म्हणावे?

केडगावात बसून खाणे कोणालाच नव्हते. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. आंधळ्या मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणारे आणि छापणारे हात मुक्तीतील स्त्रियांचेच होते. १९२२ साली रमाबाई वारल्या तेव्हा छपाई पुरी व्हायची होती; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

परदेशाशी असलेले नाते नुसते घेण्याचेच राहिले नाही. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली, तिच्याविषयी तेथील कार्यकर्त्या मिनी एब्रम्स यांनी इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत त्यांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात वाल्पराइसो येथे असलेल्या आपल्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर यांना, धाडली. त्यांचे पती विलिस हूवर तेथील मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक होते. पुस्तिकेतील वृत्तान्ताने त्या मंडळीला भारले. १९०९ साली तेथे तशीच चळवळ सुरू झाली आणि पुढे तीतून स्वतंत्र चर्च निघाले. दुष्काळातून वाचलेल्या केडगावच्या मुलींच्या प्रार्थनेने एका अपरिचित देशातील चर्चचा इतिहास बदलावा, हा व्यवहार कोणत्याही खतावणीत नोंदवता येण्याजोगा नव्हे.

स्थानिक बाजूला झालेली जमा याहून विलक्षण आहे. शारदासदनातील ती गोदूबाई जोशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. १८९३च्या वादापासून धडा घेऊन कर्व्यांनी १८९६ साली आपला अनाथ बालिकाश्रम हिंदू समाजाच्या चौकटीत स्थापिला, आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागण्याचे काम ज्यांनी केले त्यांत आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले अग्रभागी होत्या. हीच कोकणातील बाई १९१८ साली अमेरिकेस गेली. इंग्रजी बेताचेच येत असल्याने लोकांच्या घरी घरकाम करीत त्यांनी भाषा शिकून घेतली, आणि तीस वर्षांपूर्वी रमाबाईंनी ज्या देशात डॉलर-डॉलरची वर्गणी जमवली होती, त्या देशात हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी जमवून त्या १९२० साली परत आल्या.