ल्योंचे महापौर एदुआर एरियो

फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकात, म्हणजे 1870 ते 1940 या काळात, मंत्रिमंडळे वारंवार कोसळत असताना काही मोठ्या शहरांचे महापौरपद मात्र दशकानुदशके एकाच व्यक्तीकडे राहिले. ल्योंचे एदुआर एरियो (1872–1957) हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण होय. 1884 च्या नगरपालिका कायद्यानुसार महापौराची निवड नगरपरिषदेचे सदस्य आपल्यातूनच करीत. त्याच्याकडे प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे असत आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी, विवाह यांसारख्या कामांत तो राज्यसंस्थेचा प्रतिनिधीही असे. त्यामुळे मुंबईसारख्या महापालिकेच्या महापौराहून, जिथे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात, हे पद कितीतरी बलवान होते. अर्थात पॅरिसला अशा पदाची धास्ती वाटत असे, आणि बंडखोर मानल्या गेलेल्या ल्यों शहराला 1873 ते 1881 या काळात स्वतःचा महापौरच ठेवू दिला गेला नव्हता.

एरियो मूळचे त्रुआ येथील. साहित्याचे अध्यापक म्हणून ते ल्योंमध्ये आले, 1904 मध्ये नगरपरिषदेवर निवडून गेले, आणि पुढच्याच वर्षी महापौर व्हिक्तोर ओगान्यर मादागास्करचे गव्हर्नर-जनरल म्हणून रवाना झाल्यावर तेहतिसाव्या वर्षी त्यांच्या जागी बसले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी गोष्ट म्हणजे तोनी गार्निए या ल्योंमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारदाशी जमलेली जोडी. रोममधील शिष्यवृत्तीच्या काळात गार्निए यांनी एका काल्पनिक औद्योगिक नगराचे आराखडे रेखाटले होते. कारखाने, वस्ती आणि रुग्णालये यांची त्यात स्वतंत्र विभागणी होती. ते नगर कागदावरच राहिले, परंतु त्यातील कल्पना एरियो यांच्या पाठबळामुळे ल्योंमध्ये तुकड्यातुकड्यांनी साकार झाल्या. जेर्लां भागातील कत्तलखान्याचे विशाल दालन, ज्याचे लोखंडी छत मधल्या खांबांविना सुमारे 80 मीटर रुंदी पेलते, 1914 च्या नगरविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी वापरले गेले आणि पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार होऊ लागला. त्यामागोमाग क्रीडागार, कामगारांसाठी ‘एता-झ्युनी’ वसाहत आणि 1933 मध्ये उद्घाटन झालेले ग्रांज-ब्लांश रुग्णालय आले, ज्यात एकाच अवाढव्य इमारतीऐवजी सुट्या इमारती बांधून त्या भुयारी मार्गांनी जोडल्या होत्या. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना नवा व्यवसाय शिकवणारी शाळा (1914) आणि लाइपझिगच्या बाजारपेठेला शह देण्यासाठी सुरू केलेला व्यापारी मेळा (1916) हीही त्याच काळातील कामे.

राष्ट्रीय राजकारणात ते रॅडिकल पक्षाचे नेते होते आणि महापौर असतानाच तीनदा पंतप्रधान झाले. पहिले सरकार 1924 मध्ये आले व त्याने सोव्हिएत संघाला मान्यता दिली, पण 1925 मध्ये आर्थिक प्रश्नावर सिनेटने ते पाडले. 1926 चे सरकार काही दिवसांतच संपले. आणि 1932 चे सरकार अमेरिकेच्या युद्धकर्जाचा हप्ता फेडण्याचा आग्रह धरल्यामुळे पडले. प्रत्येक पराभवानंतर ल्योंची गादी मात्र शाबूत असे, आणि राजधानीतील पडझड त्यांना पचवता आली ती बहुधा याच आधारावर. अनेक पदे एकाच वेळी धारण करण्याच्या या फ्रेंच प्रथेचे तोटेही होते, कारण त्यात शहराच्या कारभाराला दुय्यम स्थान मिळण्याचा धोका असे. एरियो यांच्या विवेकालाही मर्यादा होत्या: 1933 मध्ये युक्रेनचा दौरा करून आल्यावर त्यांनी तिथला भीषण दुष्काळ साफ नाकारला, आणि हा डाग त्यांच्या चरित्रावरून पुसता येत नाही.

जर्मनीपुढे फ्रान्सचा पराभव झाल्यावर सत्तेवर आलेल्या व्हिशी राजवटीने 1940 मध्ये त्यांना महापौरपदावरून दूर केले, पुढे स्थानबद्ध केले आणि अखेर त्यांना जर्मनीत नेण्यात आले. रशियन सैन्याने सुटका केल्यावर मे 1945 मध्ये ते पुन्हा महापौर झाले, 1947 ते 1954 या काळात राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले, आणि मार्च 1957 मध्ये महापौरपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. वार्धक्याच्या या वर्षांत शहराचे नवे प्रश्न तुंबून राहिले. ते हाती घेतले त्यांच्यानंतर आलेल्या लुई प्रादेल यांनी, ज्यांना राष्ट्रीय पदांची ओढ नव्हती आणि जे 1976 मध्ये मृत्यू येईपर्यंत केवळ ल्योंचाच कारभार पाहत राहिले.